मानवी न्यायाची सीमा आणि दैवी न्यायाची याचना : मध्ययुगीन महाराष्ट्रातील शापवचने, दिव्य आणि धरणे यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्याय करणाऱ्यास शासन व्हावे ही अपेक्षा सर्व मानवी समाजांत आढळते. हे शासन राजसत्तेकडून, जातिसभेकडून किंवा न्यायालयाकडून मिळते तेव्हा तो विधि-इतिहासाचा विषय ठरतो. मात्र जेथे या संस्था पोहोचू शकत नाहीत तेथे माणूस देवतेकडे वळतो आणि दुष्कृत्य करणाऱ्याचा न्याय तिने करावा अशी याचना करतो. ही याचना केवळ श्रद्धेचा किंवा अंधश्रद्धेचा भाग समजून इतिहासलेखनात बहुधा बाजूला ठेवली जाते. वस्तुतः तिचे स्वरूप, तिची भाषा आणि तिचे प्रसंग तपासले असता त्या त्या काळातील मानवी न्यायव्यवस्था नेमकी कोठे अपुरी पडत होती, याचा स्पष्ट आलेख हाती येतो.

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्र व कोकणातील तीन प्रकारच्या साधनांचा विचार केला आहे : ताम्रपट व शिलालेखांतील शापवचने, मराठा काळातील दिव्य व शपथक्रिया आणि धरणे, त्रागा, गाऱ्हाणे इत्यादी लोकाचार. हे तीनही प्रकार मानवी न्यायाच्या तीन वेगवेगळ्या सीमांवर उगवलेले आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. पहिली सीमा काळाची, दुसरी पुराव्याची आणि तिसरी सामाजिक बळाची. त्याचबरोबर दैवी शिक्षेची झळ अपराध्यापुरती राहत नाही, ती त्याच्या कुटुंबातील निरपराध व्यक्तींपर्यंत पोहोचते, या गंभीर प्रश्नाकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

काळाची सीमा : दानलेखांतील शापवचने

राजाने दिलेल्या दानाला सर्वांत मोठा धोका कोणाकडून असतो? सामान्य प्रजाजनाने दान मोडल्यास त्याला दंड करण्यास राजा समर्थ असतो. परंतु दाता राजा दिवंगत झाल्यानंतर गादीवर येणारा राजा, मग तो त्याच वंशातील असो वा शत्रुवंशातील, हे दान मोडू शकतो आणि त्याला जाब विचारणारी कोणतीही मानवी सत्ता उरत नाही. प्राचीन ताम्रपटांच्या शेवटी येणारे शापश्लोक या पेचातून निर्माण झाले. भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो आणि ते हिरावून घेणारा किंवा हिरावण्यास संमती देणारा तितकाच काळ नरकात पडतो, तसेच स्वतः दिलेली वा दुसऱ्याने दिलेली भूमी हरण करणारा विष्ठेतील कृमी होऊन आपल्या पितरांसह पचतो, अशा आशयाचे हे श्लोक व्यासांच्या नावावर सांगितले जातात आणि भारतभर अनेक राजवंशांच्या ताम्रपटांत पुनःपुन्हा आढळतात. शापवचन हे भावी सत्ताधीशाला उद्देशून केलेले असते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. राजसत्तेची मर्यादा राजाने स्वतःच मान्य केल्याचा तो लेखी पुरावा होय.

विदर्भातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा चम्मक ताम्रपट या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. अमरावती जिल्ह्यातील चर्मांक, म्हणजे आजचे चम्मक, हे ८००० भूमीचे गाव १००० ब्राह्मणांना देताना त्यात काही अटी घातलेल्या आहेत. दानग्राहींनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार इत्यादी अपराध करू नयेत, अन्य गावांना उपद्रव देऊ नये. त्यांनी तसे केल्यास राजाने भूमी परत घेणे ही चोरी ठरणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. येथे शाप निरपेक्ष राहिलेला नाही. दान मोडणारा प्रत्येक जण अपराधी नसून अपराध कशाला म्हणावे याची व्याख्या प्रथम केली आहे. दैवी शिक्षेला कायदेशीर शर्तींच्या चौकटीत बसविण्याचा इतका जुना प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, याची नोंद घेतली पाहिजे.

संस्कृत श्लोकाकडून मराठी शापाकडे

दहाव्या-अकराव्या शतकापासून कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात शापवचनाचे स्वरूप बदलू लागते. ताम्रपट हा दानग्राहीच्या घरात जपून ठेवावयाचा दस्तऐवज होता. शिलालेख मात्र गावाच्या शिवेवर, देवळापाशी किंवा दिलेल्या जमिनीत उभा राहत असे. त्याचा वाचक बदलला. आता केवळ भावी राजा नव्हे, तर गावचा अधिकारी, शेजारचा शेतकरी आणि वाटसरू यांनाही तो बजावू लागला. साहजिकच शापाची भाषा संस्कृतातून मराठीत आली आणि अक्षर न येणाऱ्यासाठी तिला चित्राची जोड मिळाली. या शिळांना गद्धेगाळ असे नाव आहे. वरच्या भागात चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांचे संकराचे शिल्प अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. काही शिळांवर मजकूर नसून केवळ शिल्पच आढळते.

मराठीतील आद्य कोरीव लेखांमध्ये गणल्या जाणाऱ्या अलिबागजवळील अक्षी येथील लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, मानला जातो. शिलाहारवंशीय अपरादित्याचा परळ येथील लेख शके ११०८ (इ.स. ११८७) मधील आहे. त्याचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे, तथापि शेवटचे शापवचन मराठीत आहे. त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. हे शासन जो कोणी लोपवील त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा भाला सकुटुंब पडो, ही पहिली. दुसऱ्या भागात त्याच्या मातेविषयी गर्दभसंकराची अभद्र वाणी उच्चारली आहे. दानाचा तपशील पंडितांच्या भाषेत आणि शिक्षेचा धाक लोकांच्या भाषेत, ही विभागणी सहेतुक आहे. कायद्याचा अंमल व्हावयाचा असेल तर त्यातील दंडाचा भाग तरी सर्वांना कळला पाहिजे, हे शिलाहारांच्या लेखकांनी ओळखले होते. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहात अशी शापवचने मोठ्या संख्येने एकत्र पाहावयास मिळतात.

चंद्र-सूर्याच्या अंकनाचा अर्थ सामान्यतः ‘आचंद्रसूर्य टिकणारे दान’ असा केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु धर्मशास्त्रातील दिव्यविधीत सूर्य, चंद्र, वायू, अग्नी, पृथ्वी, जल आणि यम हे माणसाचे आचरण जाणणारे साक्षी म्हणून आवाहन केले जातात. त्या दृष्टीने शिळेवरील चंद्र-सूर्य ही कालमर्यादेची खूण असून शिवाय दिवसा आणि रात्री जागे असणाऱ्या साक्षीदारांची जोडीही ठरते. शिळेच्या माथ्यावर साक्षी, मध्ये करार आणि पायथ्याशी दंड, अशी ही रचना एखाद्या न्यायपत्रासारखीच आहे.

गाढवाच्या प्रतिमेचा अर्थही केवळ अश्लीलतेत शोधणे अपुरे ठरेल. गाढवाचा नांगर फिरविणे म्हणजे भूमी उद्ध्वस्त व अशुभ करणे, हा संकेत मराठी मुलखात दीर्घकाळ रूढ होता. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. स्त्री म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे वांझपणा, असा या शिल्पाचा अर्थ लावला जातो. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याची स्वतःची जमीन ओसाड होवो, असा या शापाचा गाभा असावा, हे मत कृषिप्रधान समाजाच्या दृष्टीने ग्राह्य वाटते.

सुलतानी राजवटीतही ही पद्धत लोपली नाही. तिने नव्या समाजरचनेशी जुळवून घेतले. मध्ययुगीन वतनपत्रांत व सनदांत करार मोडणारा हिंदू असल्यास त्याला गाईची आणि मुसलमान असल्यास सुवराची शपथ घातलेली आढळते. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या धर्माने बांधावे, हा व्यवहारी विचार त्यामागे आहे. शाप घालणाऱ्याला आपल्या देवतेची महती सिद्ध करावयाची नसून करार पाळला जावा एवढेच हवे होते, हे यावरून दिसते.

पुराव्याची सीमा : दिव्य आणि शपथक्रिया

दैवी न्यायाची दुसरी याचना निवाड्याच्या प्रक्रियेतच समाविष्ट होती. धर्मशास्त्राने लिखित, साक्षी आणि भुक्ती अशी तीन मानवी प्रमाणे मानली असून त्यांच्या अभावीच दिव्य सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये येतात. पुढे त्यांची संख्या नऊपर्यंत गेली. यांपैकी कोशदिव्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. उग्र देवतेच्या स्नानाचे जल आरोपीने प्यावयाचे आणि चौदा दिवसांत त्याच्यावर राजाकडून किंवा दैवाकडून घोर संकट आले नाही तर त्याला शुद्ध मानावयाचे, असा हा विधी आहे. येथे न्यायसभा निर्णयाची मुदत ठरवून देते आणि निर्णय मात्र देवतेवर सोपविते.

मराठा काळातील गोतसभा आणि मजालस यांच्या कामकाजाचे तपशील महजरांतून उपलब्ध आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात या साधनांचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. वतनाच्या तंट्यात साक्षीदारांना बेताळीस पूर्वजांचे स्मरण देऊन खरे बोलण्यास सांगितले जाई. साक्षीने निर्णय न झाल्यास बेलभंडार उचलणे, नदीच्या पात्रात क्रिया करणे आणि अखेरीस रवादिव्य असे उपाय योजले जात. रव्याच्या दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा असे. त्यापूर्वी दिव्य करणाऱ्याची नखे काढून, हात धुऊन, त्यांवर पिशवी चढवून मोहर केली जाई. दिव्यानंतर पुन्हा तसेच करून तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष हात पाहिला जाई. या सर्व दक्षता लबाडीस वाव राहू नये म्हणून होत्या. देवतेवर विश्वास ठेवणारी सभा माणसावर मात्र विसंबत नव्हती.

या विधीतील भाळपत्र हा घटक फारसा चर्चिला गेलेला नाही. दिव्य करणाऱ्याच्या दाव्याचा मजकूर कागदावर लिहून तो त्याच्या कपाळी बांधला जाई. हा कागद वाचण्यासाठी समोर न्यायाधीश असण्याची गरज नव्हती, कारण त्याचे वाचक देवता होती. या अर्थाने भाळपत्र म्हणजे देवतेच्या दरबारी दाखल केलेली फिर्याद होय. ती नेमक्या शब्दांत, मर्यादित दाव्यापुरती आणि गोताच्या साक्षीने लिहिली जाई. रागाच्या भरात बोटे मोडून दिलेला शाप आणि भाळपत्रावरील याचना यांत हाच मूलभूत फरक आहे.

दिव्याच्या सत्यशोधक सामर्थ्यावर आधुनिक अभ्यासक विश्वास ठेवू शकत नाही. भाजलेला हात हा खोटेपणाचा पुरावा नव्हे आणि या पद्धतीने अनेक खरे पक्षकार आपल्या वतनास मुकले असतील, हे नाकारता येत नाही. तथापि दिव्याचे सामाजिक कार्य निकालाइतकेच निकालापूर्वीही घडत होते. दिव्यास उभे राहण्याची वेळ आल्यावर पक्षकाराने माघार घेतल्याचे दाखले मिळतात. ज्या तंट्यात गावाचे दोन तट पडले असत, तेथे एका तटाने दुसऱ्यावर निर्णय लादण्याऐवजी तो दोघांनाही मान्य असलेल्या देवतेकडून येई आणि पुढे त्याच गावात एकत्र नांदणे शक्य होई.

बळाची सीमा : धरणे, त्रागा आणि गाऱ्हाणे

शापवचन राजाचे होते, दिव्य गोताचे होते. तिसरा प्रकार मात्र ज्याच्याजवळ ना सत्ता ना सभा अशा माणसाचा आहे. मराठीतील ‘तळतळाट लागणे’ आणि ‘हाय लागणे’ हे शब्दप्रयोग त्याची साक्ष देतात. पीडिताच्या मनाचा दाहच अन्याय करणाऱ्याला शिक्षा करतो, अशी ही धारणा आहे. तिला मंत्र लागत नाही, पुरोहित लागत नाही आणि खर्चही लागत नाही. त्यामुळेच ती विधवा, कूळ, मजूर अशा दुर्बळांच्या तोंडी अधिक रुजली असावी.

धरणे हे या याचनेचे कृतिरूप होय. धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसे. तो मेला तर त्याच्या हत्येचे पातक दारात बसू देणाऱ्याच्या माथी येणार, हा त्यातील धाक होता आणि बसणारा ब्राह्मण असल्यास तो अधिक प्रभावी ठरे. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी लिहिलेल्या अहवालात तगाद्याच्या अशा विविध प्रकारांचे वर्णन आहे. त्रागा या शब्दाचा आजचा अर्थ चिडचिड किंवा आकांत असा सौम्य झाला आहे. पूर्वी मात्र प्रतिपक्षाच्या माथी पाप बसावे म्हणून स्वतःला इजा करून घेणे हा त्याचा अर्थ होता. गुजरात-राजस्थानातील भाट-चारणांमध्ये ही प्रथा विशेष प्रसिद्ध होती. येथे शाप देणाऱ्याचे स्वतःचे शरीर हेच त्याचे एकमेव शस्त्र होते.

दक्षिण कोकणात ग्रामदेवतेसमोर घातले जाणारे गाऱ्हाणे हा याच परंपरेचा सामूहिक आणि संयत आविष्कार आहे. मानकरी देवतेला उद्देशून मागणे मांडतो आणि जमलेले ग्रामस्थ ‘व्हय महाराजा’ म्हणून त्याला संमती देतात. कौल लावून देवतेचे मत घेण्याची पद्धतही तेथे आहे. गाऱ्हाणे या शब्दाचा सामान्य मराठीतील अर्थच तक्रार असा आहे. प्रार्थना आणि फिर्याद यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या या समाजात देवता ही गावची अखेरची न्यायसंस्था होती, असे म्हणता येते.

संतविचारातील वळण

शापवाणीने भरलेल्या या कालखंडात एक वेगळा सूरही उमटला. यादव रामचंद्रदेवाच्या कारकिर्दीत (१२७१-१३११) दानलेखांवर शापवचने कोरली जात असतानाच १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या अखेरीस ज्ञानदेवांनी मागितलेल्या पसायदानात दुर्जनांच्या नाशाची मागणी नाही. त्यांचा दुष्टपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, अशी ती प्रार्थना आहे. देवतेकडे न्याय मागण्याची चौकट येथे कायम असून मागणीचा आशय मात्र पालटला आहे. दंडाच्या जागी परिवर्तन आले आहे.

सतराव्या शतकातील तुकारामांच्या चरित्रातही याचे प्रतिबिंब दिसते. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यानंतर तुकाराम तेरा दिवस नदीकाठी निराहार बसले, अशी परंपरा आहे. हे धरणेच होते, परंतु ते छळ करणाऱ्याच्या दाराशी नव्हे, तर देवाच्या दाराशी होते. अठराव्या शतकातील चरित्रकार महिपती यांनी सांगितलेल्या कथेत रामेश्वरभटांना एका फकिराच्या शापाने अंगाचा दाह सुरू होतो आणि तो अखेर तुकारामांच्याच वचनाने शमतो. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिची रचना बोलकी आहे. शाप दुसऱ्याने दिला आणि पीडिताने तो निवारला. अन्याय करणाऱ्याला शिक्षा होताना पाहण्याची लोकमानसाची इच्छा आणि संताने क्षमाशील असावे ही अपेक्षा या दोहोंचे समाधान या कथेने साधले आहे.

आधुनिक कायदा आणि दैवी कोपाचा धाक

ब्रिटिश राजवटीने दैवी न्यायाचे क्षेत्र कायद्याने आखून घेतले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ५०८ नुसार एखाद्यावर दैवी कोप ओढवेल असा समज करून देऊन त्याच्याकडून कृती करवून घेणे हा अपराध ठरला. या कलमाच्या उदाहरणांत दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचाच निर्देश आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३५४ मध्ये कायम आहे.

दुसरीकडे १८७३ च्या शपथ अधिनियमाने पक्षकारांना आपापल्या समाजात रूढ असलेल्या विशेष शपथेवर दाव्याचा निकाल सोपविण्याची मुभा दिली होती. मात्र ती शपथ न्याय व सभ्यतेला बाधक नसावी आणि तिचा परिणाम तिसऱ्या व्यक्तीवर होणारा नसावा, अशा अटी होत्या. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्यामुळे अग्राह्य ठरत असे. १९६९ च्या शपथ अधिनियमात विशेष शपथेची ही तरतूद उरली नाही. पुढे महाराष्ट्राने नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये केला.

‘तिसऱ्या व्यक्तीवर परिणाम नसावा’ ही १८७३ मधील अट परळच्या शिलालेखाशेजारी ठेवून वाचली पाहिजे. तेथे भाला सकुटुंब पडावयाचा होता आणि अपमान मातेचा व्हावयाचा होता. अपराध पुरुषाचा, अधिकार पुरुषाचा आणि कोरलेली विटंबना मात्र स्त्रीची, हा गद्धेगाळाचा अंतर्विरोध प्रतीकात्मक अर्थाने सौम्य होत असला तरी नाहीसा होत नाही. भूमी म्हणून का होईना, दंड तिनेच सोसावयाचा आहे. दैवी न्यायाच्या कल्पनेतील हीच सर्वांत दुबळी बाजू आहे. मानवी कायद्याचा खरा विकास केवळ दैवी धाक नाकारण्यात झाला नाही. ज्याचा अपराध त्यालाच दंड, हे तत्त्व स्वीकारण्यात तो झाला.

निष्कर्ष

१. दैवी न्यायाची याचना मानवी न्यायव्यवस्थेची विरोधक नसून तिच्या सीमांची निदर्शक आहे. दानलेखात ती भावी काळापुढे, दिव्यात पुराव्याच्या अभावापुढे आणि धरण्यात बलवानापुढे हतबल झालेल्या व्यवस्थेची जागा भरून काढते.

२. या याचनेला नियमांत बांधण्याचे प्रयत्न आधुनिक कायद्यापूर्वीही झाले. चम्मक ताम्रपटातील शर्ती, मानवी प्रमाणांना दिलेले अग्रस्थान आणि भाळपत्रातील मर्यादित दावा ही त्याची उदाहरणे होत.

३. संस्कृत श्लोकाकडून मराठी शापाकडे आणि पुढे शिल्पाकडे झालेला प्रवास हा दंडाची माहिती सर्वांपर्यंत पोहोचविण्याचा प्रवास आहे. मराठी भाषेच्या लेखी इतिहासात शापवचनांचे स्थान म्हणूनच मोलाचे आहे.

४. सत्ताधाऱ्याचा शाप दगडावर कोरला गेला आणि टिकला. दुर्बळाचा तळतळाट केवळ शब्दसंपत्तीत उरला. इतिहासकाराने दुसऱ्याचा शोध पहिल्याइतक्याच गांभीर्याने घेणे आवश्यक आहे.

आज अनेक गद्धेगाळ देवळांच्या आवारात, बांधांवर किंवा रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडलेले आहेत. काही ठिकाणी शेंदूर फासून त्यांची पूजा होते, तर काही ठिकाणी अशुभ किंवा अभद्र म्हणून ते टाळले जातात. दोन्ही परिस्थितींत त्यांवरील अक्षरे झिजत आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील अशा शिळांची छायाचित्रे, मापे आणि ठसे घेऊन नोंद करणे हे विद्यार्थ्यांच्या सहभागाने सहज होण्यासारखे काम आहे. जो दस्तऐवज चंद्र-सूर्य असेतोवर टिकावा म्हणून उभारला गेला, तो निदान वाचला जाईपर्यंत तरी टिकविणे ही अभ्यासकांची जबाबदारी आहे.